गॅस कटरसाठी घरगुती कंपास : प्रकाश सापळ्याच्या भक्कम बैठकीसाठी

हुमणीचे भुंगेरे आणि वळवाचा पाऊस यांची गाठ पक्की असते. वर्षभर जमिनीत राहणारी ही कीड मान्सूनपूर्व पावसाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर प्रौढ अवस्थेत बाहेर पडते. संध्याकाळी अंधार पडू लागताच भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊस पट्ट्यात होलोट्रिकिया सेराटा आणि राजस्थान-गुजरातच्या हलक्या, वालुकामय जमिनींतील भुईमुगात होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया या प्रमुख जाती आहेत. दोन्हींची वर्षाला एकच पिढी होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, भुंगेरे गोळा करण्याची संधी वर्षातून एकदाच, काही मोजक्या रात्रींपुरती मिळते. ती हुकली की पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळे कुरतडणाऱ्या अळीशी गाठ पडते आणि त्या वेळी हाती असलेले उपाय खर्चिक व अर्धवट परिणामाचे असतात.

नेमक्या याच रात्री वारा सुटलेला असतो. वळीव येतो तो वादळ घेऊनच. दुपारी शेतात उभा केलेला प्रकाश सापळा संध्याकाळच्या वावटळीत आडवा होतो, दिवा फुटतो किंवा सौर पट्टीची तार तुटते, आणि भुंगेरे उडण्याच्या वेळी शेतात अंधार असतो. सापळ्याचा दिवा कोणता, किती वॅटचा, कोणत्या रंगाचा, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. तो उभा कशावर आहे याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. प्रस्तुत लेख या उपेक्षित भागाविषयी, म्हणजे सापळ्याच्या लोखंडी बैठकीविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर, अशा बैठका गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानात गॅस कटरने अचूक गोल कापता याव्यात म्हणून जे साधे अवजार घरीच बनवता येते, त्याविषयी हा लेख आहे. कीटकशास्त्राच्या लेखात लोखंड कापण्याची चर्चा काहींना विचित्र वाटेल. पण पडलेल्या सापळ्यात कीटक येत नाहीत.

बैठक गोल कशासाठी?

प्रथम आकाराचा विचार करू. सापळा वाऱ्याने उलटतो तेव्हा तो बैठकीच्या कडेवर कलंडतो. त्याला रोखणारा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : बैठकीचे वजन आणि मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर. १० मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटची ४५० मिमी व्यासाची तबकडी सुमारे साडेबारा किलो भरते. ६०० मिमी व्यासाची सुमारे बावीस किलो. वजन व्यासाच्या वर्गाने वाढते आणि अंतर व्यासाच्या प्रमाणात. म्हणून तबकडीचा स्वतःचा रोखणारा जोर व्यासाच्या घनाने वाढतो. ४५० वरून ६०० मिमीवर गेल्यास वजन पावणेदोन पट होते, पण सापळा उलटवण्यास लागणारा जोर जवळजवळ २.४ पट होतो. दीड मीटर उंचीचा खांब आणि त्यावर लहान सौर पट्टी असेल, तर ४५० मिमीची बैठक वादळात काठावरची ठरते. ६०० मिमीची बैठक आणि तिच्या कडेला जमिनीत ठोकलेल्या तीन खुंट्या एवढी व्यवस्था असावी.

चौकोनी प्लेट का नको, हा प्रश्न योग्य आहे. ६०० मिमीची चौकोनी प्लेट स्थिरतेत कमी नाही, उलट थोडी वजनदारच असते आणि तिला कोणतेही विशेष अवजार लागत नाही. ज्यांना एकच सापळा एका जागी ठेवायचा आहे त्यांनी चौकोनी प्लेट घ्यावी, किंवा जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतून मध्ये पाईप उभा करावा. पुढचे सर्व वाचण्याची त्यांना गरज नाही. परंतु हुमणीचे नियंत्रण एका शेताचे काम नव्हे. भुंगेरे बांध ओळखत नाहीत. गावाने किंवा गटाने मिळून वीस-तीस सापळे लावायचे, ज्या शिवारात पाऊस झाला तिकडे ते हलवायचे, तर बावीस किलोची बैठक उचलून नेणे कोणालाही नकोसे होते. गोल बैठक कडेवर उभी करून, मधल्या पाईपला धरून, एकटा माणूस बांधावरून चाकासारखी घरंगळत नेऊ शकतो. गॅसचे सिलिंडर किंवा तेलाचे बॅरल आपण असेच कडेवर फिरवत नेतो. शिवाय अंधारात पायाला किंवा बैलाच्या खुराला लागेल असा कोपरा तिला नसतो.

मध्यभागी एक भोकही हवे. ५० मिमीच्या प्रचलित पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे ६० मिमी असतो. तीनशे मिमी लांबीचा असा तुकडा प्लेटच्या भोकातून घालून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केले की खांबासाठी सॉकेट तयार होते. ४० मिमीचा पाईप त्यात सहज उतरतो. भोक वेडेवाकडे असेल तर सॉकेट तिरके बसते आणि खांब कायम झुकलेला राहतो. ६० मिमीचे भोक पाडणारे ड्रिल गावातील दुकानात सहसा नसते, गॅस कटर मात्र असतोच. अडचण एवढीच की, कितीही सरावलेला हात असला तरी नुसत्या हाताने कापलेला गोल हा गोल नसतो.

लोखंड वितळत नाही, जळते

हात थोडा थरथरला तर इतके बिघडते का, हे समजण्यासाठी गॅस कटरचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. गॅस कटर लोखंड वितळवून कापतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. नोझलच्या बाहेरच्या लहान छिद्रांतून येणारी ज्योत लोखंडाला केवळ लालभडक, म्हणजे सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. लोखंड वितळण्यास सुमारे १,५०० अंश लागतात. एवढ्या तापलेल्या जागी मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड लाकडासारखे पेट घेते. त्याचे ऑक्साइड होते, ते मूळ लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळते आणि झोताबरोबर खालून बाहेर फेकले जाते. जळण्यातून निघणारी उष्णता पुढच्या थराला तापवते आणि काप पुढे सरकतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम या कटरने का कापले जात नाहीत : त्यांचे ऑक्साइड धातूपेक्षा अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे ते वाहून न जाता ढालीसारखे आड येते. दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. जळण्याची ही साखळी तुटू नये यासाठी झोताची गती, उंची आणि कोन हे तिन्ही एकसारखे राहावे लागतात. हात थांबला तर वरची कड वितळून गोलावते. हात घाईने सरकला तर झोत मागे पडतो, प्लेट खालून कापलीच जात नाही आणि ठिणग्या वर उडतात. टॉर्च पाच अंशांनी कलला, तर १० मिमी जाडीत वरच्या व खालच्या कडेत जवळजवळ ०.९ मिमीचा फरक पडतो. सरळ रेषेत कापताना कारागीर एखादे अँगल आडवे ठेवून त्याचा आधार घेतो. गोलाकारात तसा आधार नसतो. तो बनवावा लागतो, आणि हेच कंपासचे काम.

कंपासची घडण

बाजारात असे तयार जोड मिळतात. पण घरी केलेला कंपास आपल्या टॉर्चच्या मापाचा होतो आणि त्याला बहुतांशी भंगारातील सामान पुरते. त्याचे तीन भाग आहेत : टॉर्चला धरणारे बुश, बुशला जोडलेली भुजा आणि भुजेवर सरकणारा मध्यखिळा.

बुश हा सर्वांत महत्त्वाचा भाग असल्याने तो सावकाश करावा. नोझल ज्या नटाने टॉर्चला आवळलेले असते, त्या नटाच्या खाली नोझलचा गोल भाग दिसतो. त्याचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे भोक असलेले सुमारे २० मिमी उंचीचे लोखंडी बुश लेथवर करून घ्यावे. नोझल वरून बुशमध्ये सोडले की नट बुशच्या वरच्या कडेवर टेकतो आणि टॉर्चचा भार बुश घेते. येथे कोणताही स्क्रू आवळायचा नाही. नोझल तांब्याचे, म्हणजे मऊ असते. स्क्रूने ते चेपले की छिद्रे वाकडी होतात आणि झोत बिघडतो. सैल बुशचा आणखी एक लाभ असा की, भुजा गोल फिरत असताना टॉर्चची मूठ आपल्याला सोयीच्या दिशेला ठेवता येते आणि नळ्यांना पीळ पडत नाही. नोझलची उंची कमी-जास्त करायची असल्यास नट आणि बुश यांच्यामध्ये वॉशर घालावेत.

भुजेसाठी १२ मिमीची चौकोनी सळई सुमारे ४५० मिमी लांब घ्यावी. गोल सळईपेक्षा चौकोनी बरी, कारण सरकणारा भाग तिच्याभोवती फिरत नाही. सळईचे एक टोक बुशला वेल्ड करावे. वेल्ड करताना बुश भुजेला काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासावे. येथे राहिलेली चूक पुढे प्रत्येक कापात उतरते. बुशच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे मध्यखिळ्यापासून दूर, ८० मिमी लांबीची एक आडवी पट्टी जोडावी आणि तिच्या दोन टोकांना दोन बेअरिंग चाकांसारखी बसवावीत. वरून पाहिल्यास भुजा व पट्टी मिळून इंग्रजी ‘टी’सारखा आकार दिसतो. चाकांचे आस भुजेला समांतर असावेत, म्हणजे भुजा फिरताना चाके घासत न जाता फिरत जातील. मध्यखिळा आणि दोन चाके असे तीन टेकू झाले; तिपाई कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसा हा कंपासही ओबडधोबड प्लेटवर स्थिर राहतो.

छताच्या पंख्यातून निघालेली ६२०२ क्रमांकाची बेअरिंग यासाठी उत्तम. बाहेरचा व्यास ३५ मिमी, आतले भोक १५ मिमी. १४ मिमीचा बोल्ट किंचित सैल बसतो. त्यावर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून तो घट्ट करावा. पण बसवण्यापूर्वी बेअरिंगमधील ग्रीस पूर्णपणे काढून टाकणे आवश्यक आहे, आणि हा मुद्दा किरकोळ नाही. शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात तेल किंवा ग्रीस स्फोटक वेगाने पेटू शकते. बेअरिंग रॉकेलने धुवावीत, नंतर गरम पाणी व कपडे धुण्याच्या पावडरीने रॉकेलही धुऊन काढावे आणि उन्हात पूर्ण वाळवावीत. चाके इतक्या मंद गतीने फिरतात की वंगणाची गरजच पडत नाही. त्याच कारणासाठी कंपासच्या कोणत्याही भागाला, विशेषतः बुशला, कधीही तेल लावू नये. पावसाळ्यात गंज चढला तर तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने काढावा.

मध्यखिळ्यासाठी भुजेवर सैलसर सरकेल असा चौकोनी पाईपचा ४० मिमीचा तुकडा घ्यावा. त्याच्या बाजूला ६ मिमीचा नट वेल्ड करून हाताने आवळता येईल असा बोल्ट बसवावा. खालच्या अंगाला मोडक्या ड्रिलची दांडी उभी वेल्ड करून तिचे टोक ग्राइंडरवर अणकुचीदार करावे. खिळ्याची उंची अशी ठेवावी की कंपास प्लेटवर ठेवला असता भुजा समतल दिसेल.

माप घेताना कापाची रुंदी विसरू नये

गॅसचा झोत स्वतः काही धातू खातो. १० मिमी प्लेटवर योग्य नोझलने हा काप साधारण २ मिमी रुंद पडतो. म्हणून तबकडी कापताना त्रिज्येत एक मिमी मिळवावा आणि भोक कापताना एक मिमी वजा करावा. ६०० मिमीच्या तबकडीसाठी खिळ्याच्या टोकापासून नोझलच्या मधल्या छिद्रापर्यंतचे अंतर ३०१ मिमी होईल. ६२ मिमीच्या भोकासाठी ३० मिमी. प्रत्येक टॉर्चचा काप थोडा वेगळा असतो, तेव्हा प्रथम भंगार प्लेटवर शंभर मिमीची तबकडी कापून मोजावी आणि त्यावरून आपल्या टॉर्चची वजाबाकी ठरवावी. हा आकडा कंपासच्या भुजेवरच सेंटर पंचने ठोकून ठेवला तर दुकानातील दुसऱ्या कारागिरालाही उपयोगी पडतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मधले भोक कापले तर खिळा रोवायला केंद्रच उरत नाही. म्हणून केंद्रावर सेंटर पंचने खोल खूण करून प्रथम बाहेरचा गोल कापावा, भोक नंतर. काप थेट रेषेवर सुरू करू नये. सुरुवातीला प्लेट भेदताना तेथे वेडावाकडा खड्डा पडतो आणि तो कायमचा राहतो. रेषेला स्पर्श करणारे ८ मिमीचे एक भोक टाकाऊ बाजूला ड्रिलने पाडावे आणि तेथून काप सुरू करावा. तबकडीसाठी टाकाऊ बाजू बाहेरची, भोकासाठी आतली.

१,२५० मिमी रुंदीच्या प्लेटमधून ६०० मिमीच्या दोन तबकड्या शेजारी-शेजारी निघतात, मात्र कडेला चाके प्लेटवरून खाली उतरतात. अशा वेळी त्याच जाडीचा भंगार तुकडा कडेला लावून ठेवावा. प्लेटखाली विटांचा किंवा जुन्या गजांचा आधार देताना तो कापाच्या रेषेखाली येणार नाही आणि तबकडी व उरलेली प्लेट या दोन्हींना स्वतंत्रपणे मिळेल हे पाहावे. नाहीतर शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये तबकडी खाली बसते आणि तिच्याबरोबर खिळाही. काँक्रीटच्या फरशीलगत कापू नये. तापलेल्या काँक्रीटचे तुकडे उडतात.

ज्योत पेटवण्यापूर्वी एक कोरडी फेरी मारावी. टॉर्च बुशमध्ये ठेवून पूर्ण गोल फिरून पाहावे : नळ्या कोठे अडकतात, आपण कोठे उभे राहणार, गुडघा कोठे टेकणार. नोझल ३/६४ क्रमांकाचे घ्यावे. ॲसिटिलीन व एलपीजी यांची नोझले वेगळी असतात, ती अदलाबदल करू नयेत. दाब नोझलबरोबरच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा. ज्योतीच्या आतील शुभ्र शंकूंची टोके प्लेटपासून दोन-तीन मिमी वर राहतील अशी उंची ठेवावी. प्लेटवरील गंज, रंग आणि कारखान्यातून आलेला काळा पापुद्रा रेषेपुरता ग्राइंडरने काढून टाकल्यास काप अडखळत नाही.

मिनिटाला सुमारे ४०० मिमी ही हाताला झेपणारी गती आहे. ६०० मिमीच्या तबकडीचा परीघ १,८८५ मिमी भरतो, म्हणजे पाच मिनिटांच्या आत एक तबकडी सुटते. गती योग्य आहे की नाही हे काप स्वतःच सांगतो. कापलेल्या कडेवर उभ्या, बारीक, जवळजवळ सरळ रेघा दिसल्या तर उत्तम. रेघा खाली जाताना मागे वळलेल्या असतील तर घाई झाली आहे. वरची कड मेणासारखी गोलावली असेल तर गती कमी किंवा ज्योत मोठी. खाली चिकटलेला स्लॅग छिन्नीच्या एका ठोक्यात निघून येत असेल तर सर्व काही ठीक आहे. काप मध्येच तुटला, तर पुन्हा रेषेवर न पेटवता टाकाऊ बाजूने आत यावे. कापलेली तबकडी पाणी टाकून थंड करू नये, ती वाकते.

कारागिराला नवीन नसलेल्या, पण गटाच्या कामात शेतकरी भोवती जमतात तेव्हा सांगाव्या लागणाऱ्या काही गोष्टी : गॅस कटर प्रशिक्षित माणसानेच चालवावा, डोळ्यांवर ५ क्रमांकाच्या काचेचा चष्मा, अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट असावेत, सिलिंडर उभे व साखळीने बांधलेले असावेत, दोन्ही नळ्यांवर ज्योत उलटी जाणे रोखणारे अरेस्टर असावेत, ॲसिटिलीनचा दाब एका किलोच्या वर कधीही नेऊ नये, गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून नव्हे. घरगुती गॅसचे सिलिंडर या कामाला वापरणे नियमबाह्य आहे. ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि एप्रिल-मेमध्ये उसाचे पाचट व कडबा वाळून कोळ झालेला असतो. हे काम शेतात न करता दुकानातच करावे.

पाण्याचे भांडे आणि रिकामे बॅरल

आता ज्या कारणासाठी कीटकशास्त्रज्ञाने हा विषय हाती घ्यावा असे मला वाटते, त्याकडे वळतो. दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे पसरट भांडे लागते. गॅस कटर हाताशी आहे, बैठका कापून झाल्या आहेत, कोपऱ्यात कीडनाशकाचे किंवा डिझेलचे रिकामे बॅरल पडलेले आहे. ‘हेच अर्धे कापू, दोन टब होतील’ असा विचार कोणाच्याही मनात येतो. तो तेथेच थांबवला पाहिजे. बंद किंवा अर्धवट बंद बॅरलला कटरची ज्योत कधीही लावू नये. हा नियम रिकाम्या बॅरललाही लागू आहे; किंबहुना भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामे बॅरल अधिक धोकादायक असते, कारण त्यात हवा आणि वाफ यांचे मिश्रण तयार असते.

किती अवशेष पुरतो याचा हिशेब मांडू. ईसी प्रकारच्या अनेक कीडनाशकांत झायलीनसारखे ज्वलनशील द्रावक असते. हवेत झायलीनची वाफ सुमारे एक टक्का झाली की ती पेट घेऊ शकते. २०० लिटरच्या बॅरलमध्ये एवढी वाफ होण्यास द्रव किती लागेल? दहा-बारा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. एवढा द्रव बॅरलच्या तळाच्या दुमडीत सहज लपून राहतो, वरून पाहणाऱ्याला दिसत नाही आणि पाण्याने विसळल्यावरही तो सर्वच्या सर्व निघतो असे नाही. डिझेलची वाफ थंडीत कमी होते म्हणून ते सुरक्षित, असेही काहीजण मानतात. परंतु ज्योत लावताच पत्रा तापतो आणि त्याला चिकटलेल्या डिझेलची वाफ होऊ लागते. कापणारा स्वतःच स्फोटक मिश्रण तयार करत असतो.

स्फोट झाला नाही तरी प्रश्न संपत नाही. क्लोरीनयुक्त द्रव्ये ज्योतीत विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड व फॉस्जीनसारखे वायू देऊ शकतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीडनाशकांचा धूर श्वासावाटे शरीरात जातो. धान्य साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या डब्यात उरलेली भुकटी ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते. हा वायू विषारी तर आहेच, शिवाय ज्वलनशीलही आहे. असे डबे कापण्यास, ठोकण्यास किंवा पाण्याने भरून ठेवण्यास घेऊ नयेत. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार वापरलेली वेष्टने पुन्हा वापरात येतील अशी उघड्यावर टाकू नयेत आणि ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, अशी तरतूद आहे. कीडनाशकाच्या बॅरलचा टब म्हणून, गुरांच्या पाण्याचे पिंप म्हणून किंवा धान्याची कोठी म्हणून उपयोग करणे या तरतुदीच्या विरुद्ध आहे, मग ते कोणत्याही अवजाराने कापलेले असो.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याविषयीही येथेच सांगणे योग्य. त्यावर ज्योत फिरवली की पांढरा धूर निघतो, तो जस्ताच्या ऑक्साइडचा. बंद दुकानात तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. कारागीर त्याला हवापालट समजून दुर्लक्ष करतात. शिवाय एवढा पातळ पत्रा गॅस कटरने कापताना तो वाकतो आणि कड ओबडधोबड होते. तीन मिमीपेक्षा पातळ पत्र्यासाठी कात्री किंवा छिन्नी हेच योग्य अवजार.

भांड्याचा प्रश्न यापेक्षा कितीतरी स्वस्तात सुटतो. बाजारातील प्लॅस्टिकचा पसरट टब पुरेसा आहे. तोही नको असल्यास दिव्याखाली जमिनीत वीतभर खोल खड्डा करून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरावा व पाणी भरावे. वाऱ्याने उडून जाण्याची भीतीही राहत नाही. खड्डा केल्यास बैठक त्याच्या कडेला ठेवून खांबाला आडवा हात जोडावा आणि दिवा खड्ड्याच्या मधोमध आणावा. हात ज्या बाजूला गेला त्या बाजूला वजनाचा कल जातो, तेव्हा तीन खुंट्यांपैकी दोन विरुद्ध बाजूला ठोकाव्यात.

खुंट्यांसाठी तबकडीच्या कडेपासून ४० मिमी आत, समान अंतरावर, १४ मिमीची तीन भोके पाडावीत. ही ड्रिलने पाडणेच सोपे. १२ मिमीच्या गजाचे ४०० मिमीचे तुकडे त्यातून जमिनीत ठोकले की बैठक सरकत नाही. सॉकेटच्या खालच्या तोंडाला लहान पत्रा वेल्ड न करता ते उघडेच ठेवावे. पाणी साचून खांब गंजत नाही. सर्व लोखंडाला रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर कोणताही तैलरंग.

बैठका एप्रिल अखेरपर्यंत तयार असाव्यात. पहिली चांगली सर पडल्यावर त्याच संध्याकाळपासून दिवे लावावेत आणि साधारण रात्री सात ते दहा एवढाच वेळ चालू ठेवावेत. रात्रभर जळणारा दिवा हुमणीबरोबर कितीतरी उपयुक्त कीटकही मारतो. हुमणीच्या सर्व जाती प्रकाशाकडे सारख्याच आकृष्ट होत नाहीत, म्हणून सापळा लावला तरी कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकण्याचे काम त्याच तासांत चालू ठेवावे. सापळ्यातील भुंगेऱ्यांची मोजणी रोज सकाळी करून तारखेसह नोंदवावी. ज्या शिवारात आकडा चढतो आहे तेथे दुसऱ्या दिवशी आणखी दोन बैठका घरंगळत नेता येतात.